तारेवरचा बारावा फिल्टर

शनिवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटं. वाळवंटाच्या कडेला असलेल्या दूझ गावाच्या दक्षिण टोकाला हाज्जा मबरूकाचा क्वाड-तळ आहे. त्याच्या मागच्या अंगणात, खजुराचं झाड आणि गॅरेजची भिंत यांच्यामध्ये बांधलेल्या तारेवर एक एअर फिल्टर लटकत होता. बारा गाड्या निघून वीस मिनिटं झाली होती. गाड्या बारा आणि फिल्टरही बारा. सुटा एकही नव्हता, कारण ट्युनिसहून यायचं खोकं तीन आठवडे वाटेतच होतं. म्हणजे वाळूकडे निघालेल्या बारा गाड्यांपैकी एकीच्या पोटात फिल्टर नव्हता.

लझर मरझुगी झाडू हातात धरून तारेखाली उभा होता. वय सेहेचाळीस. या तळावर नऊ वर्षं गाड्यांची देखभाल करणारा माणूस.

क्वाड म्हणजे मोटरसायकलचं इंजिन आणि चार फुगीर चाकं. इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढी या तळहाताएवढ्या फोमच्या तुकड्यातून गाळून ओढतं. फोम नसला की वाळू आत जाते, तेलात मिसळते आणि सिलिंडर आतून पॉलिश पेपरने घासल्यासारखा घासला जातो. डांबरी रस्त्यावर अशी गाडी काही दिवस निभावेल. पण दहा इटालियन पर्यटकांची ही टोळी क्सार गिलानच्या ओअॅसिसकडे निघाली होती. संध्याकाळपर्यंतची वाट, बहुतेक सगळी टेकड्याटेकड्यांची, मऊ वाळूची. तिथे अशी गाडी किती तास टिकेल हे लझरलाही सांगता आलं नसतं.

त्याने फिल्टर तारेवरून काढला आणि नाकाला लावला. हिरव्या साबणाचा वास आला.

फिल्टर कुणाचा हे कळायला मार्चपूर्वी हा वास पुरेसा होता. या तळावर फिल्टर धुवायला हिरवा साबण फक्त लझर वापरायचा. ऑलिव्हच्या तेलाचा, विटेसारखा कापलेला. कोमट पाणी, साबण, फोम हलक्या हाताने दाबायचा, कधीच पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा, मग तेल घालून रंग सगळीकडे सारखा येईपर्यंत मळायचा. बाकीचे पेट्रोलमध्ये बुडवत. लझर त्यांना शिकवायला गेला नाही.

मार्चमध्ये मुस्बाह आला. वय एकतीस, किनाऱ्यावरच्या जर्जिसचा, मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. मालकीण हाज्जाने गाड्या वाटून दिल्या. एक ते सहा लझरच्या, सात ते बारा मुस्बाहच्या. पहिल्याच दिवशी मुस्बाहने सहाही गाड्यांच्या चेनना भरपूर तेल घातलं. समुद्राच्या खाऱ्या हवेत तसंच करतात. आमच्याकडे चेन कोरडी ठेवतात, कारण तेल वाळू धरून ठेवतं आणि ती वाळू चेनच्या चाकाचे दात खाते. लझरने ते पाहिलं आणि आपल्या गाड्यांकडे वळला. संध्याकाळी कॉफीच्या दुकानात जाऊन त्याने चार जणांना सांगितलं, "जर्जिसवाल्याने गाड्या माशांसारख्या तळायला काढल्यात." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुस्बाहने कुणी न सांगता सहाही चेन रॉकेलने पुसून कोरड्या केल्या. एक फेरी मारली, आवाज ऐकला आणि त्याला कळलं. लझरचा विनोद एका दिवसात शिळा झाला.

मग साबण. आठवडाभर मुस्बाह बघत राहिला आणि एकदा नावाआधी आदराचं 'सी' लावून थेट विचारलं, "सी लझर, पेट्रोलने फोम फुगतो, म्हणून तुम्ही साबण वापरता ना?"

"हं," लझर म्हणाला.

पुढच्या वेळी घरून येताना मुस्बाहने आईने घरी केलेला साबण आणला. अर्धी वीट लझरच्या फळीवर ठेवली. लझरने तिला हात लावला नाही. ती अजून तिथेच आहे, वरून तडकलेली. पण तेव्हापासून बाराही फिल्टरना एकच वास येतो.

तारेवरची जागाही काही सांगत नव्हती. लझर आपले सहा झाडाच्या बाजूला टांगतो, मुस्बाह भिंतीच्या बाजूला. पण तारेला मध्ये झोळ आहे, आणि वारा आला की सगळे सरकत मध्ये येतात. उरलेला फिल्टर बरोबर मध्ये होता.

लझरने फोम उजेडात धरून पाहिला. पिळल्याच्या रेषा कुठे दिसतात का, हे तो शोधत होता. एकही नव्हती. मुस्बाहही आता पिळत नव्हता.

मार्चपासून लझरने काही गोष्टी मनात मोजून ठेवल्या होत्या. त्याच्या गाड्या दोरी बांधून ओढत आणाव्या लागल्या पाच वेळा, मुस्बाहच्या दोन वेळा. परत आलेल्या पाहुण्यांनी मुस्बाहबरोबर फोटो काढले एकोणीस वेळा. लझरबरोबर एकदा, आणि त्यातही मुस्बाह होता. हाज्जा मबरूका मुस्बाहच्या बोलण्यावर हसते तेव्हा डोक्यावरचं कापड मागे सरकतं, लझरच्या बोलण्यावर सरकत नाही. तळावर दुसऱ्या कुणालाही यातलं काही माहीत नव्हतं.

आता त्याला आदला दिवस आठवायचा होता.

शुक्रवारी दुपारी साडेचारला बारा फिल्टर वाळले होते. दोघं अंगणात समोरासमोर बसून फोमला तेल लावत होते. लझरचा चुलतभाऊ बलकासिम, जो टोळ्यांना वाट दाखवतो, चहाचं ताट घेऊन आला. मागून हाज्जा आली. साठीची विधवा, नवऱ्यामागे तळ तिनेच वाढवला. बलकासिम सवयीने ताट घेऊन लझरकडे वळला.

"तिकडे नाही रे," हाज्जा म्हणाली. "आधी मअल्लमला दे."

आणि तिने मुस्बाहकडे बोट केलं.

हाताच्या कामात जो पोचला त्याला आमच्याकडे मअल्लम म्हणतात. कुणी स्वतःला म्हणवून घेत नाही, कागदावर तो शब्द कुठेच नसतो. लोक एक दिवस म्हणायला लागतात, आणि मग म्हणतच राहतात. लझरला तळावरच्या त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात हाज्जाच्या नवऱ्याने पहिल्यांदा म्हटलं होतं. एका अंगणात दोन मअल्लम असू शकतात. पण पहिला ग्लास एकच असतो.

बलकासिमने मुस्बाहला ग्लास दिला. मग लझरला दिला. चहावर फेस चांगला आला होता, हे लझरला नीट आठवत होतं.

"हाज्जा, उद्या किती वाजता येऊ?" त्याने विचारलं. प्रत्येक मोठ्या टोळीच्या आदल्या दिवशी तो हेच विचारायचा, आणि उत्तर ठरलेलं असायचं.

"तू कशाला लवकर उठतोस? उद्या मुस्बाह जातोय सोबत. तुझी पाठ दुखते ना."

"कोण म्हणालं?"

"तूच. एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये!" बलकासिम हसला. "हाज्जांना काहीही करायला सांग, खूया, भावा माझ्या, विसरायला सांगू नकोस."

मुस्बाह अवघडून म्हणाला, "हाज्जा, मला वाटा माहीत नाहीत. सी लझर आले असते तर..."

"वाटा बलकासिमला माहीत आहेत. तुला गाड्या माहीत आहेत. उंट पण हवाय का सोबत?"

सगळे हसले. लझरही हसला. मग त्याने फिल्टर बसवायला घेतले. एक नंबरचा बसवला, दोनचा, तीनचा. फिल्टरच्या डब्याच्या कडेला ग्रीस, झाकण, चार क्लिपा. इथपर्यंत त्याला हात दिसत होते. चौथ्या गाडीपासून पुढे त्याला फक्त ग्लास आठवत होता, ताटावरून उचलला जाणारा पहिला ग्लास. सहाव्या गाडीपाशी आपण उभे होतो हे नक्की. पण मधल्या सगळ्या झाकणांखाली फोम होता का, हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं.

मुस्बाहचंही एक होतं. त्याच वेळी त्याच्या आईचा फोन आला होता आणि तो बोलत बोलत कुंपणापर्यंत गेला होता, दहा मिनिटं तरी. परत आल्यावर त्याने कुठून सुरुवात केली, हे लझरने पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तेवढंच पाहायचं राहिलं.

साडेसात झाले. टोळी अजून जवळच होती, नऊपर्यंत फोन लागणार होता. धाऊच्या चहाच्या टपरीपर्यंत, तिथला टॉवर सुटला की मग थेट ओअॅसिसमध्येच. मुस्बाहचा नंबर लझरच्या फोनमध्ये होता. नाव लिहिलं होतं 'जर्जिसवाला'.

फोन केला असता तर दोनच गोष्टी होत्या. मुस्बाह थांबून एकेक डबा उघडणार. रिकामा डबा एक ते सहामध्ये निघाला, तर दहा इटालियन पाहुण्यांसमोर मुस्बाह लझरची चूक शोधून काढणार आणि फिल्टरच्या जागी पंचा बांधून गाडी वाचवणार. सात ते बारामध्ये निघाला, तर मुस्बाह गुपचूप पंचा बांधणार आणि कुणाला काहीच कळणार नाही. दोन्हीकडून मुस्बाहच जिंकत होता. लझर फक्त एकाच प्रकारे जिंकत होता, त्याने फोन केला नाही आणि गाडी सात ते बारामधली निघाली तर.

त्याने फिल्टर जाकिटाच्या खिशात टाकला आणि झाडायला लागला.

पावणेआठला हाज्जा मागच्या दाराने आली.

"खिशात काय कोंबतोयस?"

"जुना फोम. फाटलाय. टाकतो."

"टाक मग. खिशात ठेवून त्याला पिल्लं होणार आहेत का?" ती दारातच थांबली. "लझर, त्याच्याशी जरा बोलत जा. मार्चपासून नऊ शब्द बोलला नसशील."

"कामाचं बोलतो."

"हं म्हणतोस. मी ऐकते ना आतून. दिवसभर हं, हं. बायकोशीही असाच बोलतोस?"

"तिला विचारा."

"विचारलंय," हाज्जा म्हणाली आणि आत गेली.

आठ पन्नासला फोन वाजला. बलकासिम होता. मागे चमच्यांचा आणि इटालियन हसण्याचा आवाज येत होता.

"धाऊकडे पोचलो. सगळे हातपायांसकट. एक बाई दोनदा गाडीवरून वाळूत पडली, तिला ते आवडलंय, तिसऱ्यांदा मुद्दाम पडली."

"गाड्या?"

"धावतायत. एक जरा घोगरी वाजतेय."

लझर अंगणातून गॅरेजच्या सावलीत गेला. फिल्टर नसला की इंजिन हवा उघड्या घशाने ओढतं, आणि आवाज बदलतो.

"कुठली?"

"मला कसं कळणार? मी पुढे असतो, आवाज मागून येतो. तुझा मित्र मागे असतो. देऊ त्याला फोन? इथेच आहे, गाड्यांमध्ये वाकलाय. चहासुद्धा गार केला बिचाऱ्याने."

लझरने खिशातला फोम चाचपला.

"अरे देऊ का?"

"नको."

"बरं. मग हाज्जाला सांग, पोचलो म्हणून." फोन बंद झाला.

आठ छप्पन्नला तो पुन्हा वाजला. पडद्यावर 'जर्जिसवाला' आलं. लझरने फोन तळहातावर धरला आणि वाजू दिला. अकरा वेळा वाजून थांबला. नऊ वाजून चार मिनिटांनी लझरने स्वतः तो नंबर लावला. फोन बंद आहे किंवा क्षेत्राबाहेर आहे, असं फोनमधल्या बाईने आधी अरबीत आणि मग फ्रेंचमध्ये सांगितलं. त्याने आणखी दोनदा लावला.

यानंतर साडेअकरापर्यंत त्याने काय केलं याची यादी सरळ आहे. पाणी मारायचा पंप उघडून साफ केला. टायरचा हवेचा मीटर तपासला. तो बरोबर होता. मुस्बाहच्या बाजूचे पाने आकाराप्रमाणे लावलेले होते. ते एकदा मोडून परत तसेच लावले.

दुपारी तो घरी जेवायला गेला. हनियाने मत्बगा भाजली होती, कांदा आणि चरबी भरलेली जाड भाकरी. त्यांच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, आणि मार्चपासून तिने जेवणाच्या वेळी मुस्बाहचं नाव इतक्यांदा ऐकलं होतं की तो घरात राहतो असं वाटावं.

"आज त्याचं नाव नाही घेतलंस," ती म्हणाली. "घास उतरेल का?"

"वाढ."

"जाकिटाला साबणाचा वास येतोय." तिने खुंटीवरच्या जाकिटाच्या खिशात हात घातला आणि फोम बाहेर काढला. "हे इथे काय करतंय?"

तिला गाड्यांमधलं काही कळत नव्हतं, पण नऊ वर्षं हे फोम दोरीवर, नळावर, कधी तिच्या परातीत पाहिले होते. लझरने सांगितलं. सगळंच सांगितलं, कारण निम्मं सांगून तिच्यापुढे निभत नसे.

"मग फोन कर ना."

"लागत नाही."

"आता लागत नाही. सकाळी?"

लझरने भाकरी मोडली.

"सकाळी लागत होता," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. "त्याने पण केला होता का?"

"एकदा."

"आणि तू?"

"वाजू दिला."

हनिया समोर बसली. "म्हणजे गाडी त्याची निघावी म्हणून तू गप्प बसलास. आणि तुझी निघाली तर?"

"माझी नसेल."

"असं छातीला हात लावून सांग."

त्याने हात भाकरीवरून काढला नाही.

"लझर, तो तुझं काय घेऊन गेलाय?" तिचा आवाज चढला नव्हता. "पगार? नाही. जागा? तीही नाही. काय नेलंय, मला दाखव, मी जाऊन परत आणते."

एक ग्लास, असं सांगणं बायकोसमोर जमण्यासारखं नव्हतं.

"ते लोक परके आहेत. वाळूत बंद पडले तर कुणाला हाका मारतील? आणि मारल्या तरी धावणार कोण? तोच. ऊठ आणि जा. जेवण बांधून देते."

सव्वाला तो तळावर होता. त्याने फिल्टरला तेल लावलं, रंग सारखा येईपर्यंत मळला, पिशवीत गुंडाळला. काळं तेल, घासायची कानस, दोन कॅन पाणी, दोरी. हाज्जा नमाजाला बसली होती. तिला न सांगता तो पिकअप घेऊन निघाला. दीड वाजता हाज्जाने फोन केला. दीड वाजून दहा मिनिटांनी पुन्हा. तो गाडी चालवत होता आणि त्याने दोन्ही उचलले नाहीत.

तीन पस्तीसला तो धाऊच्या टपरीशी पोचला. वाऱ्याने रस्त्यावर वाळू आली होती, दोनदा फावडं घ्यावं लागलं. धाऊ पेले विसळत होता.

"उशीर केलास. तुझे लोक नऊलाच गेले."

"एक गाडी खोकत होती म्हणे."

"होती ना."

"कुठली?"

"अरे, मी चहा विकतो. गाड्यांना मी ओळखत नाही, त्याही मला ओळखत नाहीत."

"रंग?"

"वाळूचा. सगळ्याच वाळूच्या होत्या." धाऊने पेला उलटा ठेवला. "तुमचा तो जर्जिसचा पोरगा मात्र पेटला होता. चालू करायचा एकेक गाडी, आणि कान लावायचा. डॉक्टर पोटाला कान लावतो ना, तसा. पण बाराच्या बारा एका रांगेत धडधडतायत, इटालियन ओरडतायत, त्याला नीट ऐकूच येईना."

"डबा उघडला का त्याने? सीटखालचा, काळा?"

"दोन उघडले. तिसरा उघडत होता तेवढ्यात तुझ्या भावाने शिट्टी मारली. ऊन चढतंय, चला म्हणाला. त्या इटालियन बाईलाही घाई होती." धाऊ थांबला. "आधी तुला फोन लावला होता त्याने. मला म्हणाला, सी लझरना फोनवर आवाज ऐकवतो, ते तिथे बसून सांगतील कुठली गाडी ते. मी म्हटलं, फोनवर? तो म्हणाला, त्यांना कळतं. लागला नाही ना तुला?"

"नाही."

"टॉवर असाच आहे. मला बायकोचा फोन मात्र रोज लागतो."

लझरने चहा घेतला नाही. टपरीपासून दोन वाटा फुटतात. डावीकडची कडक जमिनीवरून, लांब वळसा घालून जाते. सामानाची जीप त्या वाटेने जाते. उजवीकडची सरळ टेकड्यांमध्ये शिरते, ती क्वाडची. दोन चाकांवर ओढणाऱ्या पिकअपने कुणी उजवीकडे जात नाही. धाऊने सांगितलं की मऊ वाळूत रुतू नये म्हणून लझरने चारही टायरमधली हवा निम्मी काढली आणि तो उजवीकडे गेला. वेळ तीन पन्नास.

पुढची माहिती क्सार गिलानहून आहे. पाच अठ्ठेचाळीसला, सूर्य बुडल्यावर, बलकासिमने ओअॅसिसमधून हाज्जाला फोन केला. अकरा गाड्या पोचल्या होत्या, दहाही पाहुणे पोचले होते. उरलेली एक गाडी अठरा किलोमीटर मागे बंद पडली. आधी ताकद गेली, मग निळसर धूर आला, मग इंजिन जाम झालं. ज्या पाहुण्याची ती गाडी होती त्याला मुस्बाहने आपली गाडी दिली आणि स्वतः बंद गाडीपाशी थांबला. त्याच्याजवळ दोन लिटर पाणी, एक पाव आणि जाड कोट होता. नोव्हेंबरात टेकड्यांमध्ये अंधारानंतर पारा चार-पाचपर्यंत उतरतो. काळोखात टेकड्यांवरून कुणाला मागे पाठवायला बलकासिम तयार नव्हता. उजाडताच स्वतः जातो, म्हणाला.

"कितवी गाडी?" हाज्जाने विचारलं.

"मी पुढे होतो, हाज्जा. पाहुण्याने सांगितलं बंद पडली, आणि मुस्बाहने तुम्ही पुढे व्हा म्हणून हात केला. निळी होती एवढं नक्की."

बारापैकी आठ निळ्या आहेत. चार लझरच्या, चार मुस्बाहच्या.

"पोचलेल्या अकरांचे नंबर बघ ना मग, गाढवा," हाज्जा म्हणाली.

बलकासिम बघायला गेला. त्याला वेळ लागला, कारण दोन गाड्यांच्या नंबरपाट्या वाटेत गळून पडल्या होत्या आणि तीन गाड्या पाहुण्यांनी गरम पाण्याच्या कुंडाकडे नेल्या होत्या. सहा वाजून सात मिनिटांनी फोन कापला गेला. हाज्जाने परत लावला तेव्हा तिकडून कुणी उचलला नाही, आणि नंबर त्या रात्री कळलाच नाही.

मग तिने लझरला लावला. क्षेत्राबाहेर. हनियाला लावला. हनिया म्हणाली की तो दुपारीच गेलाय, टोळीच्या मागे. का गेलाय, हे हाज्जाने विचारलं आणि हनियाने सांगितलं. यावर हाज्जाने एवढंच विचारलं की त्याने पाणी किती नेलंय, असं हनियाचं म्हणणं आहे.

साडेसहाला धाऊने टपरी बंद केली. बंद करताना तो छपरावर चढला होता. उजवीकडच्या वाटेवर, अंदाजे नऊ-दहा किलोमीटरवर, त्याला पिकअपसारख्या गाडीचे दोन दिवे दिसले. दिवे हलत नव्हते. त्याने पाच-सात मिनिटं पाहिलं. मग एक दिवा विझला आणि थोड्या वेळाने दुसरा. गाडी उतारामागे सरकली की कुणी दिवे बंद केले, हे त्याला सांगता येत नाही.